नवोदयला तो लागला, ती राहिली: जागा कुणाच्या आणि अन्याय कुठे?

एका ताईंनी प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात असा. मुलगी खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला होती, वर्गात कायम पहिली. नवोदयची परीक्षा दिली, पण यादीत नाव आलं नाही. तिच्याच वर्गातला, पाड्यावरून येणारा, अभ्यासात मधलाच म्हणावा असा एक मुलगा मात्र लागला. ‘कोट्यातून गेला’ असं सगळं गाव म्हणतंय. ताई विचारतात, हुशार मुलांसाठी काढलेल्या सरकारी निवासी शाळेत जात कशाला मध्ये आणायची? आणि अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: घर आता तालुक्याच्या गावी आलंय, धाकटा दुसरीत आहे. त्याचं नाव जुन्या गावच्या शाळेत ठेवून इथे क्लासला घातलं तर चालेल का?

मी बावीस वर्षं नवोदयात गणित शिकवलं, आधी विदर्भात, मग खानदेशात. त्यातली चौदा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा हाउस मास्टर होतो. निवडयादीत आमचा हात नसतो, ती वरून येते. पण यादीतली पोरं पत्र्याची पेटी घेऊन उतरतात ती आमच्याच दारात. त्यामुळे मी त्या दारातून जे पाहिलं तेच सांगू शकतो. पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ताईंच्या दुसऱ्या प्रश्नातच आहे, पण त्याकडे जरा सावकाश येतो.

आधी जागांचा हिशेब बघू, कारण रागाच्या भरात तो कुणी मांडत नाही. एका नवोदयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या किमान 75 टक्के, म्हणजे 60, ग्रामीण मुलांच्या. एक तृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जाती आणि जमातीच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अनुक्रमे 15 आणि साडेसात टक्क्यांच्या खाली नाहीत आणि दोन्ही मिळून 50 टक्क्यांच्या वर नाहीत. त्याशिवाय 2021-22 पासून ओबीसींना 27 टक्के. दिव्यांगांच्या जागा वेगळ्या. ग्रामीण, मुली, दिव्यांग ही आडवी, म्हणजे आपल्याकडे ज्याला समांतर आरक्षण म्हणतात ती. ती जातीच्या उभ्या आरक्षणाला छेदून जातात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतही मोजली जातात.

आता ताई, तुमची मुलगी कुठल्या रांगेत उभी होती ते बघा. ती खेड्यातल्या शाळेत शिकलेली, म्हणजे 60 जागांच्या ग्रामीण कोट्यात. मुलगी, म्हणजे एक तृतीयांशाच्या कोट्यात. तुम्ही जात लिहिलेली नाही, मी विचारतही नाही. ती कुठलीही असो, ही मुलगी दोन आरक्षणांच्या आधारानेच परीक्षेला बसली होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. ग्रामीण कोटा आपल्याला कोटा वाटतच नाही, तो हक्क वाटतो, आणि तो आहेच. जिल्ह्याच्या शहरात इंग्रजी शाळा, दोन क्लास आणि घरात शिकलेले आईबाप असलेल्या पोराशी तुमच्या मुलीची थेट तुलना करू नये, असं सरकारने मानलं म्हणून त्या 60 जागा निघाल्या. पाड्यावरच्या मुलासाठी वापरलेला युक्तिवाद अगदी हाच आहे. पहिला पटतो आणि दुसरा खुपतो, कारण पहिल्यात आपण आत असतो.

आणि हे काही मागाहून जोडलेलं नाही. 1985-86 मध्ये झज्जर आणि अमरावती इथे पहिली दोन नवोदयं प्रयोग म्हणून निघाली, 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यांना जागा मिळाली. त्या धोरणात या शाळांचा हेतू लिहिताना उत्तमता, समता आणि सामाजिक न्याय ही नावं एकत्रच घेतली आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण त्याच वाक्यात आहे. म्हणजे ‘हुशारांची शाळा होती, नंतर कोटा घुसला’ असं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट, तो मुलगा ‘कोट्यातून गेला’ हे गावाला कसं कळलं? जमातीचा दाखला असणं आणि जमातीच्या जागेवर लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खुल्या गुणवत्तेत जो बसतो तो खुल्यातच मोजतात, राखीव जागा त्याच्या वर भरल्या जातात. तुमच्या मुलीच्या वर्गातला तो मुलगा खुल्या यादीत आला असेल असं मी म्हणत नाही. पण नाहीच आला असं म्हणायला गावाकडे त्याचं आडनाव सोडून काय पुरावा आहे?

‘वर्गात पहिली’ याबद्दलही थोडं बोलायला हवं. नवोदयचा पेपर 80 प्रश्नांचा, 100 गुणांचा, दोन तासांचा. त्यात 20 प्रश्न अंकगणिताचे, 20 भाषेचे आणि तब्बल 40 बुद्धिमत्तेचे. हे 40 जवळजवळ सगळे आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल. शाळेतल्या पहिल्या नंबराचा आणि याचा संबंध असतोही आणि नसतोही. सुंदर अक्षर, वेळेवर गृहपाठ, पाठांतर यावर पहिली येणारी मुलगी इथे अडकू शकते, आणि शाळेत मधे मधे गैरहजर असलेला पोरगा सुटू शकतो.

खानदेशात असताना सहावीची नवी तुकडी आली की पहिल्या रविवारी मी पोरांना रद्दी कागद वाटायचो आणि घडीच्या कागदाचा खेळ घ्यायचो. घरच्या आठवणीने रडणारी पोरं तेवढा वेळ गप्प बसत. एका वर्षी एक पावरा आदिवासी मुलगा होता. कागद हातात न घेताच तो भोकं कुठे येतील ते सांगत होता. विचारलं, क्लास कुठे लावला होतास? तर म्हणाला, आजी पत्रावळी लावते; पानाची काडी काढून पान उघडलं की असंच दिसतं. तोच मुलगा पुढच्या आठवड्यात शेकडेवारीच्या साध्या गणितावर अडून बसला. वस्तूवर दहा टक्के सूट, किंमत किती? पाटी कोरी. जवळ जाऊन विचारलं तर हळूच म्हणाला, ‘सर, सूट म्हणजे कोट-पँटचा ना? त्याचे पैसे कसे धरायचे?’ घरी पावरी, शाळेत मराठी. दहा टक्के काढता येत होते, ‘सूट’ या शब्दाने घात केला. असं एक उदाहरण हुकलं की गेले सव्वा गुण, कारण प्रत्येक प्रश्नाला सव्वाच गुण असतो. यादीच्या काठावर सव्वा गुणात किती मुलं दाटीने उभी असतील याचा विचार करा. तिथे वर कोण आणि खाली कोण हे हुशारीपेक्षा त्या दिवसावर जास्त ठरतं. तुमची मुलगी काठावर होती की लांब होती हे मला माहीत नाही, आणि क्लासवाल्यांनी उत्तरसूची लावून सांगितलेल्या गुणांवर मी फार विसंबणार नाही.

म्हणून काठाजवळच्या दोन मुलांत सरकारने जर ठरवलं की ज्याच्या वाटेत जास्त दगड होते त्याला घ्यायचं, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. काठापासून खूप खालच्या मुलाला आणलं तर? तिथे खरी काळजी वाटते, आणि ती तुमच्या मुलीची नाही, त्या मुलाची.

त्याचं पुढे काय होतं ते सांगतो. सहावी-सातवीत शिकवणं मराठीत असतं, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्र हिंदीत जातं. नववीत निवडलेली 30 टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात जातात. ज्याचे सहावीतले पहिले सहा महिने नीट गेले, त्याचा प्रवर्ग आठवीत मला ओळखू यायचा नाही. हे मी पेपर तपासणारा माणूस म्हणून सांगतोय, भाषण म्हणून नाही. पण सगळ्यांचे ते सहा महिने नीट जात नाहीत. दिवाळीच्या सुट्टीला गेलेली काही पोरं परतत नाहीत. कारण विचारलं तर ‘करमत नाही’. त्यात खुल्या घरातली लाडावलेली मुलंही असतात आणि पाड्यावरचीही. फरक एवढाच की पहिल्याचे वडील चार वेळा फोन करतात, प्राचार्यांना भेटतात, मुलाला समजावून परत आणून सोडतात. दुसऱ्याच्या घरून कुणी येत नाही, हजेरीपटावर रेघ ओढली जाते आणि जागा रिकामी. ज्या जागेवरून गावात एवढा वाद झाला, ती पुढच्या उन्हाळ्यात कुणाचीच नसते.

आमच्याच हातून होणारी एक चूकही सांगतो. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. दाखल्यांची माहिती भरायची म्हणून लिपिक भर वर्गात आला आणि म्हणाला, ‘एससी-एसटीची मुलं उभी राहा.’ नऊ-दहा पोरं उभी राहिली. तोपर्यंत वर्गात अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी एवढेच गट होते, ही आमच्या हाउसची नावं. त्या मिनिटाला आणखी एक गट तयार झाला. संध्याकाळी मेसच्या रांगेत मी पहिल्यांदा ‘कोटेवाला’ हा शब्द ऐकला, अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून. पुढे मी हाउस मास्टर झाल्यावर ती सगळी माहिती पालकभेटीच्या दिवशी एकेका पालकाला बाजूला बसवून भरून घेऊ लागलो. काम तिप्पट वाढलं. शब्द काही कायमचा गेला नाही, पण वर्गात तरी आमच्या तोंडून पेरला जात नव्हता.

आता कोट्याची खरी बाजू, जिथे मीही तुमच्या बाजूने भांडेन. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी, पण जाती-जमातीची मर्यादा 50 टक्क्यांवर थांबते. म्हणजे तिथे आरक्षण लोकसंख्येपेक्षा कमी पडतं. उलट कोल्हापुरात आदिवासी एक टक्क्याच्या आसपास, तरी साडेसात टक्क्यांप्रमाणे 80 पैकी सहा जागा. एका जिल्ह्यातल्या पोराची स्पर्धा दुसऱ्यापेक्षा किती तरी कठीण. आणि त्या जागांवर येतं कोण? माझ्याकडे जमातीच्या जागेवर आलेल्या मुलांत शिक्षकाची, ग्रामसेवकाची, वनरक्षकाची मुलं डोळ्यांत भरतील इतकी असायची. त्यांनाही शहरात हिणवलं जातंच, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण कातकरी, कोलाम, माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तिन्ही अतिमागास जमातींच्या घरातली किती? विदर्भातल्या सगळ्या वर्षांत माझ्या हाउसला माडिया घरातली मुलं दोन आली. दोनच.

ओबीसींना क्रीमी लेयरची, म्हणजे सुस्थितीतली घरं वगळण्याची, चाळणी आहे, जाती-जमातींना नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा निकालाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला, म्हणजे त्यातल्या जास्त मागे राहिलेल्यांचा वेगळा गट करायला, राज्यांना मोकळीक दिली. त्यावर आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर दोन महिने भांडणं झाली. माझं मत विचाराल तर प्रत्येक प्रवर्गात, खुल्यातसुद्धा, ज्या घरात आजवर कुणी दहावी झालेलं नाही त्या घरच्या मुलाला आधी घ्यावं. पण लगेच कळतं की मग ‘आमच्याकडे कुणी दहावी नाही’ असा दाखला तहसीलच्या बाहेर मिळायला लागेल. जो दाखला मागाल तो आपल्याकडे छापला जातो. म्हणून मी हे मत ठेवतो, पण छाती ठोकून मांडत नाही.

आणि कोटा कोट्यासारखा नसतो हेही लक्षात घ्या. माझा एक जुना विद्यार्थी क्वालालंपूरला नोकरीला आहे. तो सांगत होता, मलेशियात एमआरएसएम नावाच्या सरकारी निवासी शाळा आहेत, तिथे 90 टक्के जागा बहुसंख्य असलेल्या भूमिपुत्रांच्या, म्हणजे मुख्यतः मलय मुलांच्या, आणि चिनी, भारतीय वंशाच्या मुलांना मिळून 10 टक्के. तिथे भांडण नेमकं उलट्या बाजूने आहे. सत्तेत ज्यांचा आवाज मोठा त्यांनी स्वतःसाठी आखलेली रेघ आणि ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी आखलेली रेघ, यांना मी एकाच तराजूत घालणार नाही.

आता धाकट्याकडे येऊ. नियम असा: तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण वेळ ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झाली पाहिजेत. त्यातला एक दिवसही शहरी भागातल्या शाळेत गेला तरी मूल शहरी धरतात. तेव्हा पहिल्यांदा हे बघा की तुमचं तालुक्याचं गाव ग्रामपंचायतीत आहे की नगरपंचायत झालंय. गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक तालुक्याची ठिकाणं नगरपंचायती झाली आणि तिथली मुलं एका अधिसूचनेने शहरी झाली. ग्रामपंचायत असेल तर प्रश्नच मिटला, इथल्याच शाळेत घाला. नगरपंचायत असेल आणि धाकटा रोज खरोखर जुन्या गावी जाऊन वर्गात बसणार असेल, तर ते नियमात बसतं. आठ वर्षांच्या पोराला रोजची ती ये-जा झेपेल का हे तुम्हीच ठरवा. पण नाव तिथे आणि मूल इथे, ही तिसरी गोष्ट करू नका.

एक तर खोटं उघडं पडलं तर लागलेला प्रवेश जातो, आणि तोवर मूल पेटी घेऊन येऊन रुळलेलं असतं. असं एक मूल मी परत जाताना पाहिलंय, वडील फाटकाबाहेर गाडीत बसून राहिले, आत यायची हिंमत नव्हती. दुसरं म्हणजे ही खोटी नावं कुणाच्या जागा खातात? जमातीच्या नाही. तुमच्या मुलीसारख्या, खरोखर खेड्यात तीन वर्षं काढलेल्या मुलींच्या. तुमची मुलगी ज्या 60 जागांत बसत होती, त्यात पटावर गाव आणि प्रत्यक्षात शहरातला क्लास अशी किती मुलं होती, हा प्रश्न गावात कुणी विचारला का? पाड्यावरचा एक मुलगा सगळ्यांना दिसला, कारण तो वर्गात होता. ही मुलं कुणालाच दिसत नाहीत, कारण ती वर्गात कधी नव्हतीच.

दाखल्यांचंही आताच बघून ठेवा. नवोदयला ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतली ओबीसी, केंद्राच्या नमुन्यातला दाखला. आपल्या राज्यात एनटी, म्हणजे भटक्या जमाती, म्हणून दाखला असलेल्या कित्येक जाती केंद्राकडे ओबीसीत येतात, पालक राज्याचाच दाखला घेऊन येतात आणि ऐन वेळी धावपळ करतात. राज्याचं एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाला दिलेलं, आरक्षण इथे चालत नाही. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसऱ्यांदा सहावीसाठी बसता येत नाही, तेव्हा घाईने अर्ज भरू नका.

मुलीसाठी दोन गोष्टी. आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते, तिला ती देता येईल. जागा मोजक्या असतात, त्यावर घर टांगून ठेवू नका. दुसरी, एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ती जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे, नवोदयवाल्यांना देता येत नाही. तोवर तिला आकृत्यांची पुस्तकं आणून देण्यापेक्षा रद्दी कागद आणि कात्री द्या.

आणि तो मुलगा दिवाळीला गावी आला की मुलीला त्याच्याकडे पाठवा. सहावीची पुस्तकं बघायला म्हणून. त्याला विचारा, करमतं का, मेसचं जेवण कसं आहे, इंग्रजीच्या तासाला काय होतं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तो ‘जायचं नाही’ म्हणायची शक्यता बरीच आहे, आणि त्याच्या घरी त्याला उलटं समजावणारं कुणी नसेल. तुमच्या घरी आहे.